ज्याची त्याची पातळी

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, आणि आतला दिवाही गेला.

तिने आधी डबा छातीशी धरला. बर्फाने भरलेल्या त्या निळ्या डब्यात सकाळपासून गोळा केलेल्या रक्ताच्या नळ्या होत्या. त्या वेळेत वरच्या प्रयोगशाळेत पोचल्या नाहीत, तर सगळी मेहनत पाण्यात जाणार होती. तिने घंटेचं बटण दाबलं. दारावर थापा मारल्या. कोणी ऐकत नाहीये अशी खात्री झाल्यावर तिने लिफ्टला एक सणसणीत शिवी हासडली.

"ती बिचारी म्हातारी झालीय हो," वरून आवाज आला. "तिला नका बोलू. मला बोला."

"कोण आहे?"

"लिफ्टवाला. म्हणजे दुरुस्तीवाला. एकट्याच आहात? घाबरला नाहीत ना?"

"मी नाही घाबरले, पण बर्फ वितळतोय!"

"…बर्फ?"

काहीतरी खरडल्याचा आवाज झाला, दार वीतभर सरकलं, मग हातभर. तिच्या डोक्याच्या उंचीवर उजेडाची एक फट दिसली आणि त्या फटीतून दोन हात खाली आले. ग्रीसने काळे झालेले, पण स्थिर.

"द्या हात."

"आधी डबा घ्या."

"बाई, मी ह्या फटीतून काय काय बाहेर काढलंय. लोक पोरांना पुढे करतात, पिशव्या पुढे करतात. एका आजोबांनी तर आधी कवळी काढून दिली होती. बर्फ पहिल्यांदाच!"

"बर्फ नाही हो. रक्त आहे."

हात जागच्या जागी थबकले. "…कोणाचं?"

"आधी घ्या, मग सांगते!"

त्याने डबा घेतला, मग तिला वर ओढलं, आणि ती गुडघे झटकतेय तोवर डबा घेऊन जिन्याने धावत सुटला. ती त्याच्यामागे. प्रयोगशाळेच्या दारापाशी दोघंही धापा टाकत उभे राहिले.

"फार आजारी आहेत का ती माणसं?" त्याने हळूच विचारलं.

"अजिबात नाही. ठणठणीत आहेत सगळी."

"मग त्यांच्या रक्तात बघायचं काय?"

ती हसली. इतका सरळ प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. "तेच तर बघायचंय," ती म्हणाली. "तुम्ही ठणठणीत आहात?"

त्याने मनगटाने कपाळावरचा घाम पुसला. ग्रीसचा एक पट्टा भुवईपासून कानापर्यंत उमटला.

"दिसत नाही का?" तो म्हणाला.

दिसत होतं… जरा जास्तच दिसत होतं. तिने पटकन दार उघडलं आणि आत गेली.

पुढच्याच आठवड्यात तो बाही वर करून तिच्यासमोर बसला. संशोधन साधं होतं. निरोगी माणसांनी दर महिन्याला थोडं रक्त द्यायचं. ते ती काढायची, नळीवर नावाऐवजी नंबर चिकटवायची, आणि नळ्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवायची. त्याला सत्तावीस नंबर मिळाला.

"कैद्याला देतात तसा नंबर दिलात," तो म्हणाला.

"सुईकडे बघू नका."

"सुईकडे कोण बघतंय?"

तिने मान वर केली नाही. पण त्या दिवशीचं लेबल वाकडं लागलं.

"माझ्या रक्ताला सध्या फार मागणी आहे," तो सांगत राहिला. "ताईला किडनी देतोय मी. तिच्या दोन्ही गेल्या. माझी जुळतेय म्हणाले डॉक्टर. आता तपासण्यांवर तपासण्या… रोज कोणीतरी टोचतंय. म्हटलं, तुम्हीच एका डासाने का उपाशी राहायचं?"

"डास?"

"रक्त पिणाऱ्याला दुसरं काय म्हणतात?"

त्यानंतर तो तिला डासच म्हणू लागला. ती चिडायची, म्हणजे चिडल्यासारखं करायची. महिन्यातला तो एक दिवस जवळ आला की ती आदल्या संध्याकाळी एप्रनला इस्त्री करायची. एप्रनची इस्त्री कोणी बघत नाही हे माहीत असूनही.

एकदा त्याने विचारलं, "पण तुम्ही नेमकं मोजता काय?"

"शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवत असतात. जंतू आलाय, सावध व्हा. जखम झालीय, धावा. आता पुरे, शांत व्हा. हे निरोप पोचवणारी बारीक बारीक प्रथिनं असतात रक्तात. ती मोजतो."

"आणि माणूस आजारीच नसला तर? निरोप बंद?"

"बंद नसतात. थोडेथोडे चालूच असतात. पण प्रत्येकाचे सारखे नसतात. एकाचे कुजबुजल्यासारखे, दुसऱ्याचे… काही घरांत नाही का, साधं पाणी मागायचं तरी ओरडून मागतात? भांडण नसतं, काही नसतं. ती बोलायची पद्धतच असते त्यांची."

"आमचंच घर! ताईने हाक मारली की समोरच्या इमारतीतले लोक 'ओ' देतात."

ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं. हसू ओसरलं. खिडकीच्या काचेवर पाऊस टिपटिपत होता. त्याने कोपर दुमडून कापसाचा बोळा धरला होता, आणि बोळा केव्हाच कोरडा झाला होता…

थंडी सुरू झाली तेव्हा तिने पहिली चाचणी लावली.

बारीक खळग्यांची प्लेट असते. प्रत्येक खळग्यात एकेका माणसाच्या रक्ताचा थेंब. ज्याच्यात प्रथिन जास्त, त्याचा पिवळा रंग गडद. त्या सकाळी सगळी प्लेट फिकट होती, कुठे थोडी अधिक, कुठे थोडी कमी. एकच खळगा मात्र हळदीसारखा पिवळाजर्द झाला. तिने नंबर पाहिला. पुन्हा पाहिला.

सत्तावीस.

आपल्या हातून काही चुकलं असेल, ताजा थेंब घेऊन परत लावावं, असं म्हणत तिने परत लावली. पुन्हा तेच. बाकीच्यांपेक्षा कितीतरी पट जास्त.

काहीच नसेल. किंवा… आत कुठेतरी काहीतरी गुपचूप सुरू झालं असेल. आणि ह्या माणसाच्या पोटातली किडनी काढून त्याच्या बहिणीच्या पोटात बसवायची होती.

नेमका त्याच दिवशी दुपारी तो रक्त द्यायला आला. चेहरा फुललेला.

"तारीख मिळाली! पुढच्या महिन्यात ऑपरेशन," तो बसता बसता म्हणाला. "एक विचारू? तुम्ही याल? म्हणजे… बाहेर बसायला. भावोजी एकटेच असणार, आणि ते बोलत नाहीत. माझ्यासाठी नाही हो, त्यांच्यासाठी."

"फक्त त्यांच्यासाठी?" तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि ती मनातल्या मनात शहारली.

"अगदीच फक्त नाही," तो म्हणाला. मग तिच्या बोटांकडे बघून, "हात किती गार पडलेत तुमचे!"

"थंडी आहे ना… येईन मी."

तो गेल्या गेल्या ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम विभागप्रमुख, स्वतः डॉक्टर. थोडं बोलणाऱ्या. त्यांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला.

"त्याला सांगावं लागेल. तू नाही सांगायचंस, मी सांगीन."

"मॅडम, ह्याचा अर्थ आजार असाच होतो का?"

"ह्याचा अर्थ मला माहीत नाही. आणि 'माहीत नाही' हे त्याला सांगणं माझं काम आहे."

मॅडमनी सांगितलं. त्याने ते लपवलं नाही. दुसऱ्याच दिवशी सर्जनला जाऊन स्वतः सांगितलं. सर्जनने ऑपरेशन थांबवलं. कारण कळेपर्यंत तारीख नाही.

संध्याकाळी ती बाहेर पडली तेव्हा तो फाटकापाशी उभा होता. अवकाळी भुरभुर पाऊस होता आणि त्याच्याकडे छत्री नव्हती.

"कधी कळलं तुम्हाला?"

"…त्या सकाळी."

"म्हणजे मी ऑपरेशनला या म्हणालो, तुम्ही 'येईन' म्हणालात, तेव्हा—"

"तेव्हा माहीत होतं."

"मला वाटलं, हात थंडीने गार पडलेत." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलत होता. "माझं काय व्हायचं ते होवो हो. पण तिला दिवसाआड मशीनला लावतात. दर वेळी थोडी कमी होऊन परत येते. तिला आता मी काय सांगू?"

"मला बोलायची परवानगी नव्हती…"

"हसायची होती?"

तो वळला, आणि पावसातून रस्ता ओलांडून गेला. ती छत्री मिटलेलीच हातात धरून भिजत उभी राहिली.

घरी तिच्या आईने वाढलेलं ताट तसंच राहिलं. "कोणाशी भांडलीस?" आईने विचारलं. "कोणाशी नाही." "मग जेव." तिने नुसता भात चिवडला. डोळ्यांसमोर तो पिवळा खळगा येत होता. एकच खळगा, एकाच महिन्याचा. आणि मग ती ताठ बसली.

एकाच महिन्याचा!

फ्रीजरमध्ये त्याच्या आधीच्या सगळ्या महिन्यांच्या नळ्या होत्या. आत काही बिघडत चाललं असेल तर आकडा महिन्यामहिन्याला चढत गेलेला दिसेल. पण पहिल्या दिवसापासून तो तेवढाच असेल तर… तर ती त्याच्या शरीराची बोलायची पद्धत.

सकाळी मॅडम यायच्या आधी ती त्यांच्या दारात हजर.

"सगळे महिने एकाच वेळी लावू," मॅडमनी तिचं ऐकून घेतल्यावर म्हटलं. "आणि त्याचे एकट्याचे नाही, सगळ्यांचे. बाकीचे कसे वागतात ते कळल्याशिवाय त्याचं काय समजणार?"

"मी आजच बसते, मॅडम."

मॅडमनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. रात्रभर न झोपलेले डोळे, उलटी घातलेली ओढणी. "तू बसायचं का ते आधी ठरवू. हा माणूस तुझा कोण?"

'कोणी नाही' असं म्हणायला तिने तोंड उघडलं. ते तिला म्हणता आलं नाही.

"त्याला माहीत नाही, मॅडम. पण… माझा जीव अडकलाय त्याच्यात."

आता आपल्याला कामावरून काढणार, असं तिला वाटलं.

"मग त्या नळ्यांना तू हात लावायचा नाहीस," मॅडम म्हणाल्या. "उद्या सर्जन विचारेल, हा निकाल कोणी काढला. तो काढणाऱ्याचा जीव कुठे अडकलेला नको." त्यांनी उठून खुंटीवरचा एप्रन घेतला. प्रयोगशाळेतल्या टेबलाशी स्वतः बसून त्यांना वर्षं झाली होती. "पिपेट कुठे असतात हल्ली?"

हात पुन्हा बसायला मॅडमनी दोन दिवस घेतले. चाचणीच्या आदल्या दिवशी तिला राहवलं नाही. ती डायलिसिसच्या खोलीत गेली. खिडकीजवळच्या खाटेवर एक बारीक, निस्तेज बाई मशीनला जोडून बसली होती. भुवया अगदी त्याच्यासारख्या.

"तूच ना ती डास?" खणखणीत आवाजाने अख्खी खोली वळली. "ये. बस. मशीनला घाबरू नकोस गं, मला घाबर!"

ती बसली.

"तो रुसलाय," ताई म्हणाली. "तुमच्या मॅडमनी त्याला कळवलं, चाचणी त्या स्वतः करणार म्हणून. तेव्हापासून धुसफुसतोय. 'तिने माझं रक्त तपासायलासुद्धा नकार दिला,' म्हणतो."

"मी नकार नाही दिला!"

"मग?"

तिचे कान तापले. ताईने तिचा चेहरा नीट न्याहाळला.

"बरं, मला नको सांगूस. मला सांगितलंस तर सगळ्या वॉर्डाला कळेल." मग ताई पुढे झुकली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला, इतका की मशीनच्या घरघरीत तो जेमतेम ऐकू येत होता. "खरं सांग. त्याला काही झालंय का? झालं असेल तर मला नकोय त्याची किडनी. मला दुसरी मिळेल, नाही मिळाली तर नाही मिळाली. पण भाऊ मला तो एकच आहे."

"माहीत नाही, ताई." तिने तो गार, नळ्या लावलेला हात हातात घेतला. "उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसली. काचेतून मॅडमची पाठ दिसत होती. थेंब टाकणं. वाट बघणं. धुणं. पुन्हा थेंब, पुन्हा वाट. ह्या चाचणीत इतका वेळ जातो हे तिला आजच कळत होतं. आत असताना तो कधी जाणवला नव्हता. दुपार कलली. ओठांवरचं साल तिने दातांनी सोलून काढलं होतं. शेवटी दार उघडलं.

"ये."

पडद्यावर रेघा होत्या, प्रत्येक माणसाची एक. तिने श्वास रोखून सर्वांत वरची रेघ शोधली. सत्तावीस. पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत… सरळ. उंच, पण सपाट. कुठे चढ नाही, कुठे उतार नाही.

आणि खाली बाकीचे सगळे. कोणी मध्ये, कोणी तळाशी, एकात आणि दुसऱ्यात जमीनअस्मानाचं अंतर. पण प्रत्येक जण महिनोन्‌महिने आपापल्या पातळीवर.

"ही सगळ्यांत खालची रेघ दिसतेय?" मॅडमनी बोट ठेवलं. "ती मी. मीसुद्धा रक्त देतेय पहिल्या दिवसापासून. तो तिथे, मी इथे. आणि मला गेल्या हिवाळ्यात साधी सर्दीसुद्धा झाली नाही."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"थांब. एवढ्याने भागत नाही," मॅडमनी बजावलं. "सर्जनच्या तपासण्याही स्वच्छ यायला हव्यात. आपण फक्त एवढंच सांगू शकतो की हा ह्याचा नेहमीचा आकडा आहे, नवा नाही."

सर्जनने सगळं पुन्हा तपासलं. स्कॅन झाले, बाकीचं रक्त तपासलं गेलं, दोन डॉक्टरांचा एकमेकांशी वाद घालून झाला. कुठेच काही सापडलं नाही. तारीख मिळाली. त्याने तिला कळवलं नाही. ताईने कळवलं.

ऑपरेशनच्या दिवशी ती पहाटेच जाऊन बसली. भावोजी खरंच बोलत नव्हते. त्यांनी डबा उघडला, अर्धं सँडविच तिच्या हातात ठेवलं, आणि दोघांनीही ते खाल्लं नाही. समोरच्या बंद दारावर लाल दिवा होता. एका बाजूच्या खोलीत भाऊ, दुसऱ्या बाजूला बहीण. त्याची रेघ सरळ होती, पण ती पुरेशी होती का? रेघेच्या मागे काही राहून गेलं असेल तर? तिने मुठी आवळल्या, सोडल्या, पुन्हा आवळल्या.

"तिला घरी न्यायचंय," भावोजी अचानक म्हणाले. समोर बघत. तेवढंच.

आधी त्याची खबर आली: सुखरूप बाहेर आलाय. मग बराच वेळ काहीच नाही. मग सर्जन स्वतः आला, मास्क हनुवटीवर ओढलेला. "किडनी कामाला लागली," तो म्हणाला. "टेबलावरच." भावोजी उठून खिडकीशी गेले आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. ती त्यांच्या शेजारी जाऊन नुसती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला त्याच्या खोलीत सोडलं. तो पांढराफटक पडला होता. ओठ सुकलेले. हातांवर कुठे ग्रीस नाही, त्यामुळे ते हात कोणा परक्याचे वाटत होते.

"आलात?"

"येईन म्हटलं होतं ना."

"मी इतकं बोललो तरी?"

"बोललात ते खोटं नव्हतं."

तो छताकडे बघत राहिला. "एक विचारायचं होतं. तेवढं मनातून जात नाहीये. माझी चाचणी… तुम्ही का केली नाहीत? इतक्या जणांचं रक्त रोज तपासता. माझंच नको झालं?"

खाटेच्या लोखंडी कडेवर तिने बोटं घट्ट धरली. बाहेरून कोणीतरी गाडी ढकलत गेलं, चाकं कुरकुरत दूर गेली. आता नाही तर कधीच नाही…

"मला मनाई होती."

"कसली?"

"मॅडमनी विचारलं, हा माणूस तुझा कोण. मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, ज्याच्यात… ज्याच्यात जीव अडकलाय, त्याचं रक्त आपण तपासायचं नाही. निकालावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

मग तो हसायला गेला, कळवळला, आणि कूस दाबून धरली.

"हसवू नका हो… टाके दुखतात."

"मी हसवत नाहीये!"

"माहीत आहे. म्हणून तर…" त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याला पुसताही येत नव्हते, कारण एका हाताला सलाईन होतं आणि दुसरा हात एव्हाना तिच्या हातात होता. "मॅडमना सांगितलं. माझ्याआधी?"

"त्यांनी आधी विचारलं."

"मला कसं कळणार, विचारायचं असतं ते? मी आपला दर महिन्याला बाही वर करून बसत होतो. रक्त द्यायला इतकं नटून कोण येतं?"

"तुम्ही नटून यायचा?"

"इस्त्रीचा शर्ट असायचा! जिन्यात बदलायचो."

ती आता रडत होती आणि हसतही होती. तो तिच्याकडे बघत होता, अगदी तसाच, सुईकडे न बघता बघायचा तसा.

"पुन्हा सांग ना," तो म्हणाला. पहिल्यांदाच अहोजाहो सुटलं होतं.

"तुझे टाके दुखतील."

"दुखू दे."

तिने खुर्ची पुढे ओढली, त्याच्या उशीपर्यंत वाकली, आणि ह्या वेळी मॅडम, मनाई असलं काहीही मध्ये न आणता सांगितलं.